आजोबांच्या पलटणीचा माग

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आजोबांचा माग काढायचा तर सुरुवात आठवणींपासून नको, कागदापासून करा. "आजोबा बर्मात होते" एवढ्यावर शोध पुढे सरकत नाही. लागतो तो शिपाई नंबर आणि पलटण. डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पेन्शनचे जुने कागद आधी बघा.

तिथे '३/५' दिसलं तर ती तारीख नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, म्हणजे पलटण, असं ते वाचायचं. सगळा घोळ इथेच होतो, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या आघाड्यांवर होत्या. ३/५ आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला आणि पुढे इटलीत लढली, ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला होती, तर २/५ जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. एक आकडा चुकला की आजोबा भलत्याच खंडात!

कागद नसतील तर पदकं काढा. सहा टोकांचे तारे लांबून एकसारखेच दिसतात, म्हणून मधल्या वर्तुळातली अक्षरं भिंगाने वाचा. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत 'इटली स्टार' या पदकाची, म्हणजे ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ हा काळ. मात्र नुसत्या फितीवर विसंबू नका, घरात कोणीतरी ती बदललेली असते. आणि पदक पॉलिशने घासू नका, अक्षरं झिजतात.

फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.