आधी केसपेपर ताब्यात घ्या

प्रश्न : जवळपास तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात पत्नीचं सिझेरियन झालं. तेव्हापासून तिचं पोट दुखतं. त्याच डॉक्टरांकडे बऱ्याचदा गेलो, दर वेळी 'बाळंतपणानंतर होतं असं' म्हणून गोळ्या मिळाल्या. गेल्या महिन्यात दुसरीकडे सीटी स्कॅन केला, तर पोटात कापडी मॉप (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं कापड) राहिल्याचं निघालं. पहिलं हॉस्पिटल म्हणतं, ऑपरेशन फुकट करतो, 'तक्रार नाही' असं लिहून द्या. केसपेपर मागितले तर 'कोर्टाची ऑर्डर आणा' म्हणतात. मेव्हणा म्हणतो, चार माणसं घेऊन जाऊ. आमची मुदत गेली का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : पत्र वाचून संताप आला. एक बाई इतका काळ दुखतंय म्हणून सांगते आणि तिला गोळ्या देऊन परत पाठवतात, हे मला मॉप राहण्याइतकंच गंभीर वाटतं.

मुदतीचं नंतर सांगतो, कारण त्याआधी एक घाईचं काम आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपून ठेवायचे असतात. तुमची 3 वर्षं भरत आली आहेत. ती उलटली की 'कागद नष्ट केले' असं उत्तर येऊ शकतं. त्याच नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, कोर्टाच्या ऑर्डरची अट त्यात कुठेही नाही. पत्नीच्या सहीचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा, आणि एक प्रत महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्या, कारण शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी तिथेच होते.

अर्जात 'सर्व कागद' एवढंच लिहू नका. ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाची नोंद, संमतिपत्र, नर्सिंग चार्ट आणि मॉप-गॉज (गॉज म्हणजे जाळीदार पट्टी) मोजल्याची नोंद असं नाव घेऊन मागा. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. पोट शिवण्याआधी मॉप आणि हत्यारं मोजायची, हिशेब जुळल्याचं तोंडाने सांगायचं, ही ऑपरेशन थिएटरची जुनी शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या चेकलिस्टमध्येही ती आहे. मोजणी लिहिलेलीच नसेल तर तो निष्काळजीपणा. 'बरोबर' असं लिहिलं असेल आणि सीटीत मॉप दिसत असेल, तर ती नोंद खोटी किंवा बेफिकीर ठरते. दोन्हीकडून उत्तर त्यांनाच द्यायचंय.

मॉप काढायला केससाठी थांबू नका, आणि पहिल्या हॉस्पिटलमध्ये तर मुळीच करू नका. पुरावा त्यांच्याच हाती जाईल. दुसऱ्या सर्जनना आधीच विनंती करा की जे निघेल ते ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट लिहा, फोटो काढा आणि पॅथॉलॉजीला पाठवा. 'तक्रार नाही' या कागदावर दोघांपैकी कुणीही सही करू नका.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं मिळतात. समोरचा वकील ती ऑपरेशनच्या तारखेपासून मोजणार. पोटात राहिलेली वस्तू रुग्णाला दिसत नाही, म्हणून ती कळल्यापासून मुदत मोजता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. श्रीखंडे खटल्यात 2010 साली मान्य केलं. पण त्याच निकालात तक्रार करणारी बाई हरली. तीही गॉज राहिल्याचीच केस होती. ती स्वतः नर्स, नऊ वर्षं त्रास होत असूनही त्या सर्जनकडे परत गेली नाही, म्हणून तिने आधीच शोध घ्यायला हवा होता असं न्यायालय म्हणालं. तुमची पत्नी तर पुन्हा पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली. त्या प्रत्येक भेटीचा ओपीडी पेपर, औषधाचं बिल, अपॉइंटमेंटचा मेसेज शोधा. मुदतीचा प्रश्न त्यावरच सुटेल. तरीही तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडाच, आणि सीटीपासून 2 वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका.

तक्रार पत्नीच्या नावाने, हॉस्पिटल आणि सर्जन दोघांविरुद्ध, पुणे जिल्हा ग्राहक आयोगात करा. केस कोणत्या पातळीच्या आयोगात जाते हे भरलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे बिल 5 लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही आणि भरपाई मात्र झालेल्या त्रासाच्या मानाने मागता येते. बिल मेडिक्लेमने भरलं असलं तरी ती ग्राहकच. तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला मिळत नाहीत, ही सगळ्यांची अडचण असते. पण प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. किशन राव खटल्यात 2010 सालीच स्पष्ट झालंय, आणि पोटातला मॉप स्वतःच पुरेसं बोलतो.

डॉक्टरांच्या नोंदणीबाबत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते, तिथे पैसे मिळत नाहीत. पोलिसांकडे जाता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात. तुमचा मुख्य रस्ता मी ग्राहक आयोगच धरेन.

मेव्हण्यांना हात जोडून थांबवा. डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा अजामीनपात्र आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एक काच फुटली तरी सगळी चर्चा त्या काचेचीच होईल. त्यांना अर्ज टाइप करायला बसवा आणि उद्या पोच घ्यायला पाठवा, एकट्याला.