वाण नाही पण गुण लागला: 'जनुकीय सुधारित'बद्दल

प्रश्न असा आला आहे: "'जनुकीय सुधारित अन्न' बरोबर की 'जनुकीय परिवर्तित'? आणि सरळ 'संकरित' म्हटलं तर काय बिघडतं?"

शेवटचं आधी घेतो, कारण ते रोज कानावर पडतं आणि रोज डोकं उठतं. बरंच बिघडतं. संकरात दोन झाडांचं परागीभवन घडवतात. दोघांची हजारो जनुकं, म्हणजे गुण ठरवणारे डीएनएचे तुकडे, एकत्र येतात, आणि ती दोन झाडं एकमेकांच्या नात्यातली असावी लागतात. जनुक अभियांत्रिकीत एखाददुसरं नेमकं जनुक उचलून बसवतात आणि ते कुठल्याही जीवाचं असू शकतं. मातीतल्या जिवाणूचं जनुक असलेला मका १९९६ पासून शेतात आहे. तो मका आणि जिवाणू यांच्या संकरातून आलेला नाही, येऊच शकत नाही. (जाता जाता: 'संकर' आणि 'उकिरडा' हे एकाच कुळातले. दोन्हींत 'कॄ' हा विखुरणे-ओतणे या अर्थाचा धातू आहे. यज्ञवेदीजवळ खणलेली माती आणि केरकचरा टाकायची जागा म्हणजे 'उत्कर', आणि त्यावरून उकिरडा. आता सांगा 'संकरित' किती अभिमानाने म्हणायचं ते.)

आता 'जनुकीय सुधारित'. ही मराठी नाही. 'जनुकीय' हे विशेषण, 'सुधारित' हेही विशेषण, आणि पहिलं दुसऱ्याच्या मानगुटीवर बसवलेलं. हाताने लिहिलेलं ते 'हस्तलिखित', त्याला 'हस्तीय लिखित' कोणी म्हणत नाही. रोगाने ग्रासलेला तो 'रोगग्रस्त', 'रोगीय ग्रस्त' नव्हे. त्याच चालीवर 'जनुकसुधारित', 'जनुकपरिवर्तित' असा समास हवा. शिवाय 'सुधारित' म्हटलं की निकाल आधीच लागला. सुधारणा झाली की नाही, यावरच तर वाद आहे. विरोधकांचं 'फेरफार' त्याच तोलाचं, फक्त उलट्या बाजूने. त्यांनी १९९२ मध्ये इंग्रजीत 'फ्रँकनफूड' हा शब्द काढला तेव्हा असं अन्न बाजारात यायचंही होतं. पहिला टोमॅटो आला १९९४ मध्ये. शब्द मालाच्या आधी पोचला.

'जनुक'ची व्युत्पत्ती मी सांगत बसणार नाही. डेन्मार्कच्या योहानसेनने १९०९ मध्ये 'जीन' रूढ केला, त्यातला ग्रीक धातू आणि आपला 'जन्' सख्खे चुलत, हे सगळ्यांना पाठ आहे. मात्र 'जनुकं असलेलं अन्न' असं भीतीच्या सुरात म्हणणाऱ्यांसाठी एक सांगतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या २०१५ च्या एका पाहणीत सुमारे ८० टक्के लोकांनी डीएनए असलेल्या अन्नावर तशी सूचना छापायला पाठिंबा दिला होता. म्हणजे प्रत्येक भाजीवर, प्रत्येक फळावर. बिनजनुकांचं काही खायचं असेल तर मीठ आहे.

मला खरं तर बोलायचं आहे ते एका म्हणीवर. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' जनुक अभियांत्रिकीची यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालेली नाही. पैदासकाराला नेमकं हेच हवं असतं: आपला चांगला वाण जसाच्या तसा राहावा आणि दुसऱ्याचा एक गुण तेवढा लागावा. म्हणून तर नवं जनुक बसवल्यावर त्या झाडाचा मूळ वाणाशी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करतात, की बाकी सगळं वाणाचं आणि गुण तेवढा पाहुणा.

'वाण' आला 'वर्णा'वरून, आणि वर्णाची जुनी व्युत्पत्ती 'वृ', म्हणजे झाकणे, अशी देतात. म्हणजे वाण हे वरचं आवरण, दिसतं ते रूप. आणि 'गुण'? हा शब्द आधी दोरीचा. गुण म्हणजे दोरीचा पेड, धागा, धनुष्याची दोरी. सद्गुण-दुर्गुण ही नंतरची भर. 'द्विगुण' म्हणजे मुळात दोन पेडांचं, त्यावरून दुप्पट, त्यावरून आपला गुणाकार. डीएनए म्हणजे तरी काय, एकमेकांभोवती वळलेले दोन पेड! अक्षरशः द्विगुण. म्हणीतल्या पवळ्याचं कातडं तेच राहिलं आणि दोरीत ढवळ्याचा एक धागा वळला गेला. या योगायोगाने मी अनेक दिवस खूश आहे. योगायोगच आहे हं. 'बघा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणणाऱ्यांनी दुसरीकडे जावं; पूर्वजांना बैल ठाऊक होते आणि दोरखंड ठाऊक होते, तेवढं पुरे आहे.

बियाण्याचा 'वाण' हा वर्णाचा नसून वाण्याचा, म्हणजे 'वणिज्'चा, विक्रीचा माल, असं सांगणारा एक पक्ष आहे. त्यांचं हत्यार एकच: कर्णाचा कान झाला, पर्णाचं पान झालं, तर वर्णाचा 'वान' व्हायला हवा, 'वाण' कसा? मुद्दा बिनतोड वाटतो, पण म्हण त्यांनी नीट वाचलेली नाही. ढवळ्या हा 'धवल', पांढरा. पवळ्या हा पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. दोन्ही बैलांची नावंच रंगांची आहेत. तिथे वाण म्हणजे रंग सोडून दुसरं काही होऊच शकत नाही, आणि तिथेही 'ण'च आहे. माझ्या मते संस्कृतातला 'वर्ण' शेजारी जिवंत राहिला आणि त्याने हा 'ण' धरून ठेवला. 'माकडावानी', 'खुळ्यावानी' यांतला 'वान' मात्र सुटला आणि नियमाप्रमाणे गेला, असा माझा दाट संशय आहे. आणि रंगावरून, रूपावरून बी निवडून ठेवणारा शेतकरी हा बी विकणाऱ्या वाण्याच्या कितीतरी आधीचा.

आणि ही शब्दांची हौस नुसती हौसच आहे असं समजू नका. वेष्टनावर काय छापायचं हा वाद याच म्हणीतला आहे. वाण बदललेला नसतो, म्हणून गुण लागलाय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून छापा, असं मागणारे म्हणतात. युरोपीय संघ विचारतो, धागा कुठून आला? म्हणून तिथे अशा मक्याच्या तेलावरही सूचना लागते, तेलात तो धागा सापडो न सापडो. चुकून झालेल्या भेसळीला ०.९ टक्क्यापर्यंत सूट. अमेरिकेत २०२२ पासून सक्तीच्या झालेल्या नियमांनी विचारलं, धागा अजून आत आहे का? शुद्धीकरणात तो दिसेनासा झाला तर सूट दिली. तिथे शब्दही बदलला, 'जैव-अभियांत्रिकीकृत' म्हणायचं ठरलं. ('जैविक' म्हणजे सेंद्रिय, असा हिंदीकडून आलेला घोळ आपल्याकडे आहेच. त्यात हे 'जैव'. देव तारो.)

म्हणीला अपवादही आहे आणि तो फार गोड आहे: सोनेरी तांदूळ. पोट्रिकुस आणि बायर या शास्त्रज्ञांनी भाताच्या दाण्यात बीटा-कॅरोटिन हे रंगद्रव्य तयार व्हावं म्हणून २००० च्या सुमारास डॅफोडिल या पिवळ्या फुलाचं जनुक आणि एका जिवाणूचं जनुक बसवलं. २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचं आलं. तो गुणच मुळी रंगद्रव्याचा, त्यामुळे दाणा पिवळा पडला. इथे गुण लागला आणि वाणही लागला! उलट रताळ्याचं पाहा. त्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे डीएनएचे तुकडे आहेत असं २०१५ मध्ये आढळलं, आणि ते माणसाने घातलेले नाहीत. जिवाणूशेजारी रताळं बांधलेलं होतं, दुसरं काय.

अडचण होते ती क्रिस्परची. २०१२ नंतर आलेल्या या तंत्रात पुष्कळदा बाहेरचं काही येतच नाही, आतलाच धागा जागच्या जागी कापून दुरुस्त करतात. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये त्यालाही जुन्याच कायद्याखाली धरलं. तो निर्णय कायद्याच्या भाषेत बसत असेल, म्हणीत बसत नाही. ढवळ्याच नाही तर शेजारी बांधणार कोणाच्या? अशाला 'जनुकसंपादित' म्हणा. बाहेरचा धागा असेल तर 'जनुकांतरित'. मला विचाराल तर 'गुणांतरित'.