हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल आणि दुर्बीण कशी निवडावी आणि ती कशी बसवावी?

तुम्ही विचारले आहे की शिकारीचा परवाना पहिल्यांदाच हाती आला आहे, पैसे मोजकेच आहेत, तेव्हा हरणासाठी कोणत्या कॅलिबरची, म्हणजे नळीच्या आतल्या किती व्यासाची, रायफल घ्यावी, तिच्यावर किती ताकदीची दुर्बीण चढवावी आणि ती स्वतःच बसवता येईल का. जिथे हंगाम आणि संख्या ठरवून कायद्याने हरणाची शिकार करू दिली जाते, तिथे मी बरीच वर्षे ती करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तुम्ही शेवटी विचारला आहे. कॅलिबरवर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण जखमी होऊन निसटलेली जी हरणे माझ्या पाहण्यात आली, त्यांच्यामागे कॅलिबर हे कारण क्वचितच होते. दस्ता (रायफलीचा खांद्याला व गालाला टेकणारा, नळीखालून पुढे जाणारा भाग) खांद्याला न बसणे, धक्क्याची धास्ती आणि दुर्बिणीचा एखादा सैल स्क्रू, यांपैकीच काहीतरी बहुतेक वेळा निघाले.

तरी कॅलिबरचे आधी आटोपून घेऊ. .243 विंचेस्टर, 6.5 क्रीडमूर, .270 विंचेस्टर, .308 विंचेस्टर, .30-06 स्प्रिंगफील्ड, यांतले कोणतेही काडतूस मध्यम आकाराच्या हरणासाठी पुरेसे आहे. .30-06 हे 1906 चे आणि 6.5 क्रीडमूर हे 2007 चे, म्हणजे दोघांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. पण गोळी योग्य जागी लागली तर 200 मीटरच्या आत परिणामात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुमच्या खांद्याला. हलक्या रायफलीतून .30-06 झाडली की नवशिक्याला तिसऱ्या-चौथ्या बारापासून धक्क्याची वाट पाहण्याची सवय लागते, चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो आणि ती खोड मोडायला पुढे वर्षे जातात. म्हणून पहिल्या रायफलीसाठी मी 6.5 क्रीडमूर किंवा .243 सुचवेन, आणि पुढे मोठ्या जनावरांचा विचार असेल तर .308. निवडीआधी तुमच्या भागातला नियम मात्र वाचून घ्या. उदाहरणार्थ, इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या हरणांसाठी .240 इंचांपेक्षा लहान कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी 1,700 फूट-पाउंडांपेक्षा कमी ऊर्जा कायद्याला चालत नाही. गोळी लागल्यावर फुलणारी, म्हणजे शिकारीसाठीच बनवलेली हवी. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आरपार निघून जाते आणि जनावर लांबवर जाऊन यातना भोगत मरते.

रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट (खिटी) मागे-पुढे ओढून पुढचे काडतूस भरावे लागते अशी, घ्यावी. आजच्या बहुतेक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींची मूळ कल्पना 1898 च्या माउझर या जर्मन रायफलीपर्यंत मागे जाते, आणि ती इतकी टिकली याचे कारण तिचा साधेपणा व भक्कमपणा आहे. दुर्बिणीशिवाय तीन ते साडेतीन किलो वजन, 55 ते 60 सेंटिमीटर लांबीची नळी आणि दीड किलोच्या आसपास ओढ लागणारा, मध्येच न अडखळणारा चाप, एवढे जमले की कारखान्याचे नाव दुय्यम ठरते. वापरलेली चांगली रायफलही चालेल. फक्त नळीचे तोंड ठेचलेले नाही ना, हे उजेडात नीट पाहून घ्या, कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो.

दस्त्याबाबत मात्र घाई करू नका. दुकानात रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, हंगामात घालणार असाल तेवढे जाड कपडे घाला, सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटा आणि रायफल सहज खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा. आता डोळे उघडा. दुर्बिणीतले चित्र पूर्ण गोल दिसत असेल, तर दस्ता तुमचा आहे. कडेला काळी कोर दिसत असेल आणि ती घालवण्यासाठी मान पुढे-मागे किंवा वर-खाली करावी लागत असेल, तर दस्ता लांब किंवा आखूड आहे, अथवा गाल टेकण्याची कड उंच किंवा ठेंगणी आहे. ही चाचणी तीन-चार रायफलींवर करा. हातात आल्यावर आपोआप डोळ्यासमोर येणारी रायफल लगेच ओळखू येते. त्याच वेळी कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्या फटीतून सरकवून पाहा. ती दस्त्याच्या पुढच्या टोकापासून अ‍ॅक्शनजवळ, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागाजवळ, येईपर्यंत न अडकता गेली, तर नळी मोकळी आहे. मध्येच अडकली, तर पावसाळी हवेत लाकूड फुगले की गोळी सरकणार असे समजा.

दुर्बिणीकडे वळू. हरणे पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतात, त्यामुळे दुर्बिणीची खरी परीक्षा अंधूक उजेडात होते. दुपारच्या उन्हात स्वस्त काचही चांगली दिसते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने, म्हणजे चित्र किती पट मोठे दिसते त्या आकड्याने, भागले, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. 40 मिलिमीटरचे भिंग 8 पटीवर ठेवले तर हे वर्तुळ 5 मिलिमीटरचे होते आणि 6 पटीवर साधारण साडेसहाचे. अंधारात आपली बाहुली वयानुसार 5 ते 7 मिलिमीटर उघडते, म्हणून संध्याकाळ झाली की पट कमी करावी. चित्र लहान होते पण उजळते. काचेवरचा परावर्तन रोखणारा लेपही तेवढाच मोलाचा आहे. हा लेप 1935 मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी शोधला, आणि आज महाग व स्वस्त दुर्बिणींतला फरक बराचसा या लेपाच्या दर्जात असतो. 30 मिलिमीटरच्या जाड नळकांड्यातून जास्त प्रकाश येतो असे अनेकदा ऐकू येते, ते खरे नाही. त्यामुळे नेम वर-खाली करायला वाव जास्त मिळतो, एवढेच.

3-9×40, म्हणजे 3 ते 9 पट आणि 40 मिलिमीटरचे भिंग असलेली, दुर्बीण तुमच्या गरजेला पुरेशी आहे. गर्द झाडीत शिकार करणार असाल, तर कमीत कमी पट 2 किंवा 2.5 असलेली पाहा. फुली, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या उभ्या-आडव्या रेघा, साधी, बाहेर जाड आणि मध्यावर बारीक असलेली घ्या. रेघांचे जाळे असलेली फुली अंधारात फांद्यांमध्ये हरवते. डोळा आणि मागची काच यांत किमान नऊ सेंटिमीटर अंतर राहील अशीच दुर्बीण घ्या, नाहीतर धक्क्याने तिची कड भुवईवर बसते. एकूण पैशांपैकी दुर्बिणीला रायफलीइतका वाटा द्यायला मी कचरत नाही, आणि बेस व रिंगांवर, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या व कड्यांवर, कधीच काटकसर करत नाही. एक गोष्ट कळकळीने सांगतो: हललेली सावली कशाची आहे हे पाहण्यासाठी रायफलीची दुर्बीण कधीही वापरू नका. ती सावली माणसाची असू शकते. त्यासाठी गळ्यात वेगळी, दोन डोळ्यांची दुर्बीण हवीच.

आता बसवण्याविषयी. माझ्या पहिल्या रायफलीवर दुर्बीण दुकानानेच बसवून दिली होती, आणि मी ती तशीच विश्वासाने वापरली. 100 मीटरवर गोळ्या कधी एका मुठीत बसत, कधी वीतभर पसरत. मी दोष स्वतःच्या हाताला दिला आणि काडतुसे बदलत राहिलो. त्या हंगामात एका तरुण नरावर झाडलेली गोळी फासळ्यांच्या बरीच मागे लागली. पानांवरच्या रक्ताचा माग काढत आम्ही दिव्याच्या उजेडात फिरलो, मध्यरात्री माग हरवला आणि तो नर दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी सापडला. त्याला ती रात्र माझ्यामुळे काढावी लागली, हे मी विसरलेलो नाही. घरी येऊन दुर्बीण उतरवली तर पुढच्या बेसचा एक स्क्रू बोटाच्या नखाने फिरत होता. भोकातल्या आट्यांमध्ये कारखान्याचे तेल तसेच होते आणि त्यावरच स्क्रू आवळलेला होता.

तेव्हापासून दुर्बीण मीच बसवतो, आणि तुम्हालाही ते नक्की जमेल. रायफल रिकामी करून बोल्ट काढून ठेवा. भोके आणि स्क्रू स्पिरिटने पुसून कोरडे करा, बेसच्या स्क्रूंना मध्यम ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एकेक थेंब लावा आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवणाऱ्या पेचकसाने आवळा. आकडा उत्पादकाच्या कागदावर असतो, तोच पाळावा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी तो सहसा 15 ते 18 इंच-पाउंड असतो, आणि अंदाजाने जोर लावणारा हात तो सहज ओलांडून दुर्बिणीचे नळकांडे दाबून टाकतो. रिंगा आवळण्याआधी दुर्बीण सर्वांत जास्त पटीवर ठेवा, मघाचीच डोळे मिटण्याची चाचणी करा आणि पूर्ण चित्र दिसेपर्यंत ती पुढे-मागे सरकवा. फुली सरळ करण्यासाठी पंचवीसेक पावलांवर ओळंबा टांगा, पाणसळीने रायफल आडवी समतोल ठेवा आणि उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत येईपर्यंत नळकांडे फिरवा. मग स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडेथोडे आवळा आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहू द्या. एका दमात एक बाजू आवळली की फुली हमखास कलते.

नेम जुळवण्याची सुरुवात 25 मीटरवर करा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, बोल्ट काढलेल्या नळीतून मागून पाहत लक्ष्याचा ठिपका नळीच्या मध्यावर आणा आणि रायफल न हलवता, दुर्बिणीवरच्या चाक्या फिरवून फुली त्याच ठिपक्यावर न्या. यामुळे पहिली गोळी कागदावर तरी लागते. तिथे दोन-तीन बार काढून गोळी ठिपक्याच्या एखादा सेंटिमीटर खाली आणली की थेट 100 मीटरवर जा. तिथे तीन-तीन बारांचे गट घ्या आणि एका गोळीवरून कधीही क्लिक (चाकीचा एकेक खटका) फिरवू नका. पाव मिनिटाचा (मिनिट हे इथे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 मीटरवर गोळीला सुमारे 7 मिलिमीटर सरकवतो. गटाचा मध्य हव्या त्या जागेपेक्षा 9 सेंटिमीटर खाली आणि 5 सेंटिमीटर उजवीकडे असेल, तर 12 क्लिक वर आणि 7 डावीकडे. चाकीवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, फुली कुठे जाईल ते नव्हे. इथे नवशिके हमखास गोंधळतात. प्रत्येक गटानंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. कानांवर संरक्षण अनिवार्य आहे, कारण रायफलीचा एक बारही 140 डेसिबलच्या वर जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

मध्य युरोपातले शिकारी 100 मीटरवर गोळी 4 सेंटिमीटर वर ठेवतात, आणि मीही तेच करतो. .308 मधून 150 ग्रेनची (सुमारे 9.7 ग्रॅमची) गोळी अशी जुळवली, तर ती 170 मीटरच्या आसपास नेमक्या नेमावर येते आणि 200 मीटरवर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खाली जाते. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण 20 सेंटिमीटर व्यासाचा असतो, तेव्हा 200 मीटरपर्यंत मध्यावरच नेम धरावा, काहीही हिशेब करू नये. त्यापुढे पहिली काही वर्षे गोळी झाडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काडतुसाचा प्रकार किंवा गोळीचे वजन बदलले, शिशाऐवजी तांब्याची गोळी घेतली, किंवा रायफल कुठे आपटली, तर हे सारे पुन्हा तपासावे लागते.

मेजावरचा गट समाधानकारक झाला की पिशव्या बाजूला ठेवा आणि बसून, गुडघ्यावर, झाडाच्या बुंध्याला टेकून सराव करा. टेकू नेहमी दस्त्याच्या पुढच्या भागाला द्या; नळी फांदीवर टेकवली तर गोळी दुसरीकडेच जाते. हंगामाआधीच्या आठवड्यात एक कागद 100 मीटरवर लावा आणि रोज सकाळी थंड, तेल पुसून काढलेल्या नळीने त्यावर एकच गोळी झाडा. कागद बदलू नका, प्रत्येक छिद्राशेजारी तारीख लिहा. पाच दिवसांनी ती पाच छिद्रे एका तळहाताखाली झाकली गेली, तर तुम्ही निघायला तयार आहात. झाकली गेली नाहीत, तर पेचकस हातात घ्या आणि बेसच्या स्क्रूंपासून पुन्हा सुरुवात करा.