छतावरच्या पॅनेलचा हिशेब

प्रश्न : मी डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पर्यावरणपूरक कार काढते आहे. पाच जणांची, उंच बांध्याची, विजेवरची, छतभर सोलर पॅनेल. सर विचारतात, "यात पर्यावरणपूरक काय?" आणखी काय हवं असतं?

उत्तर : सरांचा प्रश्न रास्त आहे, फक्त त्यांनी तो अर्धाच सोडला. आधी छत बघू. तिथे जेमतेम 2 चौरस मीटर जागा मिळते. कडक उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट वीज निघाली तर डोक्यावरून पाणी. मध्यम इलेक्ट्रिक कारला 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट लागतात. म्हणजे दिवसभर तापून 10-13 किलोमीटर. पॅनेल ठेव हवं तर, पण गाडी त्याच्या जिवावर विकू नकोस.

घोळ आहे तो उंचीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 50 वरून 100 वर गेलीस की चौपट. शिवाय गाडीचा आकार कितीही गुळगुळीत केला, तरी समोरून ती जितकी मोठी दिसते तितकी हवा तिला कापावीच लागते. जनरल मोटर्सची 1996 ची ईव्ही1 बघ. हवारोधाचा गुणांक 0.19; तो जितका कमी, तितकी गाडी हवा सहज कापते. बुटकी, मागे निमुळती, मागची चाकं झाकलेली आणि पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ. दोघांचीच होती, हेही खरं. तुझ्या उंच गाडीला बॅटरी मोठी लागणार, ती पेलायला सांगाडा जाड, तो थांबवायला ब्रेक दणकट. वजनाला वजन चिकटत जातं.

आता माझी चूक. मी वीस वर्षं गाड्यांच्या आतल्या भागाचं डिझाईन केलं. मी काढलेल्या डॅशबोर्डची एक गाडी भंगारात मोडताना पाहिली. वर मऊ आवरण, खाली फोम, त्याखाली कडक प्लॅस्टिक, सगळं गोंदाने एकजीव. तेव्हा त्या चिकटवणीचं माझं फार कौतुक झालं होतं. मोडणाऱ्याने पहार घातली, दोन मिनिटं झटापट केली, "नाय निघत" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. मागचा तांब्याच्या वायरींचा जुडगा तसाच राहिला आणि धूड दाबयंत्रात गेलं. पोलादात तांबं एकदा वितळलं की भट्टीत ते वेगळं काढता येत नाही. तांबं जास्त झालेलं पोलाद गरम लाटताना भेगाळतं. दारा-बॉनेटच्या पत्र्याला ते चालत नाही, हलक्या कामाला जातं.

तेव्हा छत चार बोटं खाली आण. डॅशबोर्ड किती स्क्रू काढले की सुटतो, तो आकडा चित्राखाली लिही. वायर त्याआधी निघाली तर उत्तमच. आणि नवं चित्र पाठवशील ते समोरून काढलेलं पाठव. तिरक्या कोनातून सगळ्याच गाड्या सडपातळ दिसतात.