वाचकांचे प्रश्न : शाळेचा दाखला नाही, एमआयटीला अर्ज कसा करायचा?

प्रश्न : आमची मुलगी सातवीपासून घरीच शिकते. आता पंधरा वर्षांची आहे, गणितात तिला विशेष गती आहे. दहावी-बारावी न देताही अमेरिकेत एमआयटीला (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अर्ज करता येतो म्हणे. खरं आहे का? – एक पालक, सातारा

उत्तर : खरं आहे. बारावीचं प्रमाणपत्र हवंच, अशी एमआयटीची अट नाही आणि घरी शिकलेल्यांसाठी वेगळा अर्जही नाही. 2016 मध्ये मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीशिवाय तिथे प्रवेश मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बरीच चर्चा झाली. पण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे विसरू नका. आणि त्याच मुलीला बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार बंद होतं.

एमआयटीत शंभर अर्जांमागे पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण आणखी कमी. एवढ्या एका आशेवर मुलीला ठेवू नका. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी आणि बारावी कराच. दोन्हींच्या मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून दहावी यंदाच उरका. बारावीला पाच विषय घ्या : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, एक भाषा आणि एक आवडीचा. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात, विषय सुटे-सुटेही देता येतात.

इथेच पुष्कळ पालक फसतात. आयआयटीची प्रवेश परीक्षा, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि बारावीला पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी बसलेलं असावं लागतं. मुलगी हुशार आहे म्हणून बारावी लवकर उरकली आणि जेईईची तयारी नंतर सुरू केली, की संधी हातची जाते.

प्रश्न : शाळाच नाही, तर गुणपत्रक आणि शिफारसपत्रं कोण देणार? – एक आई, नाशिक

उत्तर : शाळेने भरायचा भाग पालक भरू शकतात. गुणपत्रकही तुम्हीच तयार करायचं. पण आईने लिहिलेल्या ‘गणित : 98 टक्के’ या ओळीला वाचणाऱ्याच्या लेखी काही किंमत नसते, कारण तो आकडा कशावरून आला हे त्याला कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयासाठी पाच-सहा ओळी लिहा : कोणतं पुस्तक, त्यातली किती प्रकरणं, किती महिने, कोणी शिकवलं, पारख कशी झाली. पारख घरीच झाली असेल तर तसंच लिहा. नववी ते बारावीच्या वयातली चार वर्षं यात यावीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, कलनापर्यंतचं (कॅल्क्युलस) गणित, चार वर्षं इंग्रजी आणि दोन वर्षं इतिहास किंवा समाजशास्त्रं झालेली असावीत, अशी एमआयटीची अपेक्षा आहे. घरी शिकणाऱ्या मुलांचं बहुधा जीवशास्त्र आणि इतिहास राहून जातो.

बाहेरचा पुरावा म्हणजे एसएटी (अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा), एनआयओएसचे निकाल आणि ऑलिंपियाड. एमआयटीने 2022 मध्ये एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा, एसीटी, पुन्हा सक्तीची केली. प्रवेश मिळालेल्यांपैकी निदान तीन-चतुर्थांश जणांचे एसएटीच्या गणितात 800 पैकी 780 किंवा जास्त गुण असतात. अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणून एसएटी ऑगस्टमध्येच द्या. गुण कमी पडले तर ऑक्टोबर हाताशी राहतो.

शिफारसपत्रं दोन : एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा किंवा समाजशास्त्राच्या. ती नात्यातल्यांची नकोत. ज्यांच्याकडे मुलगा वर्षभर तरी शिकला, ते आठवड्याच्या वर्गाचे सर मोठ्या नावाच्या प्राध्यापकांपेक्षा बरे. त्या प्राध्यापकांनी त्याला दोनदाच पाहिलं असेल, तर पत्र गुळमुळीत होतं आणि ते लगेच कळतं. सर मराठीत लिहिणार असतील तर लिहू द्या; इंग्रजी अनुवाद मात्र घरच्यांनी करू नये.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव लिहायची पद्धत. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असतं. पासपोर्ट आधी काढा आणि एनआयओएस, एसएटी, अर्ज सगळीकडे नाव अक्षरशः त्याप्रमाणे द्या. ओळखपत्राशी नाव जुळलं नाही, तर एसएटीच्या केंद्रावरून परत पाठवतात.

खर्चाचंही लिहितो. एमआयटी आर्थिक मदतीची गरज पाहून प्रवेश नाकारत नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही, आणि ठरलेली पूर्ण गरज भागवते. त्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ हा अर्ज भरावा लागतो. आईवडिलांची आयकर विवरणपत्रं आत्ताच गोळा करा.

प्रश्न : मी शाळा का सोडली, हे निबंधात लिहू का? छंदांची यादी किती मोठी द्यावी? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : शाळेची कथा एका वाक्यात सांग आणि पुढे जा. ‘शाळा मला कशी समजू शकली नाही’ असा निबंध लिहिलास, तर वाचणाऱ्याला शाळेबद्दल कळेल, तुझ्याबद्दल नाही. एमआयटीत एक मोठा निबंध नसून छोटी उत्तरं असतात, साधारण शंभर ते दोनशे शब्दांची. त्यात एखादा प्रश्न तुला आठवडाभर कसा सतावत होता, कुठे अडलीस, मग काय करून पाहिलंस, हे लिही. गणिताची पायरी चुकली असेल तर ती चूकही येऊ दे.

उपक्रमांसाठी जागा फक्त चारच. सहभागाची प्रमाणपत्रं त्यात कोंबू नकोस. गावातल्या मुलांना दोन वर्षं गणित शिकवलं असशील तर ते वर घे आणि आठवड्याचे तास खरे लिही. तू स्वतः काही बनवलं असशील तर त्याचा वेगळा पोर्टफोलिओ पाठवायची सोय आहे. एनआयओएसच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेचे गुण फेब्रुवारीत एका वेगळ्या फॉर्मवर कळवता येतात. पुष्कळ जण तो भरायलाच विसरतात. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही तर घाबरू नकोस. मुलाखती माजी विद्यार्थी घेतात, ते सगळीकडे पुरत नाहीत आणि मुलाखत न झाल्याने अर्जाला बाध येत नाही.