दार आपटू देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

पूंछकडच्या सीमेवरच्या गावात वर्षभर शिकवायला जाणार आहेस, म्हणून हे पत्र. तिथल्या मुलांच्या लेखी लढाई संपत नाही, थांबते. नोव्हेंबर 2003मध्ये शस्त्रसंधी झाली, पुढे ती मोडत गेली. फेब्रुवारी 2021मध्ये ती नव्यानं पाळायचं ठरलं आणि मे 2025मध्ये खुद्द पूंछ शहरात तोफगोळे पडले. तुझं खरं काम या मधल्या शांत दिवसांतलं आहे.

पहिल्याच आठवड्यात शाळेजवळचा बंकर आतून बघ. सरकारी घरगुती बंकर 160 चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. सामुदायिक 800चा, चाळीस जणांसाठी. म्हणजे माणशी वीस चौरस फूट. शांततेत त्यात सरपण आणि चारा जाऊन बसतो, पावसाचं पाणी साचतं. लोकांना नावं ठेवू नकोस, जागा सगळ्यांनाच कमी असते. पण सामुदायिक बंकर निम्मा भरला की वीसच जण मावतात, हे सरपंचांना आकड्यात सांग. आत पिण्याचं पाणी, विजेरी आणि झाकणाची बादली हवीच. बादली नसली की लहान मुलं गोळाबारी चालू असताना बाहेर जायचा हट्ट धरतात.

सरावाला शिट्टी वापर, घंटा नको. नाहीतर मधल्या सुट्टीच्या घंटेलाही पोरं दचकतील. सराव फसतो तो भावंडांमुळे. मोठी बहीण रांग सोडून पहिलीच्या वर्गाकडे धावते. तेव्हा सख्ख्या भावंडांच्या जोड्या आधीच लाव. हजेरीपट तुझ्याच हातात राहू दे. बंकर गाठता आला नाही, तर खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी पालथं पडायचं.

गुरांमागे जाणारी मुलं भंगार म्हणून धातूचे तुकडे उचलतात. पावसानं आणि वितळत्या बर्फानं सुरुंग उतारावरून सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीची पायवाट यंदा निर्धोक असेलच असं नाही. शिकवायचं एवढंच: थांब, हात लावू नको, दगड मारू नको, आलास त्याच पावलांवर परत जा, मोठ्यांना सांग.

‘काय पाहिलंस?’ असं मात्र कधी विचारू नकोस. मूल आपणहून बोललं तर ऐक. अंथरूण ओलं होणं, गप्प राहणं, आईला न सोडणं हे सुरुवातीचे काही आठवडे चालायचंच. महिना उलटूनही खाणंझोप जाग्यावर येत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. गैरहजेरीचा अर्थ मात्र दरवेळी भीती नसतो. उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल कुटुंबं गुरं घेऊन वरच्या कुरणांत जातात.

आणि सायकलची जुनी ट्यूब सोबत ने. पत्र्याचं दार वाऱ्यानं आपटलं की अख्खा वर्ग बाकाखाली जातो. बोटभर रुंद पट्ट्या कापून चौकटीवर वर, मध्ये आणि खाली ठोक.