तक्रारी वाढल्या, मग ग्रँट थांबवायची का?

प्रश्न: आमचं फाउंडेशन हिंसा रोखणाऱ्या संस्थांना ग्रँट देतं. एका संस्थेच्या भागात वर्षभरात तक्रारी उलट वाढल्यात. पुढचा हप्ता थांबवू का?

उत्तर: अहो, घाई नको! तक्रारी वाढल्या म्हणजे मारहाणच वाढली असं नसतं, आधी गप्प बसणारे लोक आता बोलायला लागले असंही असू शकतं, म्हणून नुसत्या पोलिसांच्या आकड्यांवर जाऊ नका. वेल्समधल्या कार्डिफमध्ये हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या जखमींची माहिती, नावं काढून, पोलिसांच्या आकड्यांशी जोडतात, कारण बऱ्याच घटना पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. तसा डेटा मिळतो का बघा, आणि जिथे हे काम चालू नाही, पण बाकी सगळं सारखंच आहे अशा एखाद्या भागाशी तुलना करा. काम सुरू व्हायच्या आधीचे आकडे घेतलेत ना? नसतील (बहुतेक जण विसरतातच) तर चूक संस्थेची नाही, तुमची.